बोटाला चिकटत नाही ते सुकेळं

हिराकाकूंचा डबा अजून माझ्या फडताळात आहे. पत्र्याचा, चौकोनी, एका कोपऱ्यात चेपलेला, झाकणावरचं गुलाबाचं चित्र घासून घासून पुसट झालेलं. आमच्याकडे कोणाचा डबा रिकामा परत देत नाहीत. मूठभर पोहे का होईनात, वाटीभर शेंगदाणे का होईनात, काहीतरी घालूनच द्यायचा. या डब्यात काय घालावं ते मला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी मी घातलं नसतं. मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. माझा राग लवकर येतो, उशिरा जातो आणि हा तर गेलाच नाही. परवा काकूंच्या सुनेने गेटपाशी गाठून सांगितलं की काकू गेल्या. विरारला धाकट्या मुलाकडे होत्या, झोपेतच गेल्या. मी अरेरे म्हटलं, घरी आले आणि फडताळ उघडून त्या डब्याकडे बघत उभी राहिले. रडू काही आलं नाही. पण दिवसभर हाताला काम सुचेना, तेव्हा म्हटलं, लिहून तरी काढावं.

काकू आमच्या सोसायटीत आल्या तेव्हाच सत्तरीच्या पुढे होत्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, चालताना एका अंगाला झुकणाऱ्या. हात मात्र त्यांच्या उंचीला न शोभणारे, मोठे, रुंद पंजे आणि जाड बोटं. समोरच्या बी विंगमध्ये थोरल्या मुलाकडे, मागच्या लहान खोलीत त्यांची खाट होती. पण विचाराल तर त्या तिथे राहत नव्हत्या. मी वाडीवरची, इथं फक्त झोपायला येते, असं त्या नव्या माणसाला पहिल्याच भेटीत सांगायच्या. वाडी म्हणजे कळंबच्या वाटेवरची त्यांची बाग. मधोमध गोड्या पाण्याचं बावखल, म्हणजे खणलेलं लहान तळं, काठाला विड्याच्या पानांचे वेल, चार आंबे आणि बाकी सगळी राजेळी केळी. दर गुरुवारी सकाळी काकू पातळ कमरेला खोचून, कापडी पिशवी काखेत मारून निघायच्या आणि उन्हं उतरली की परत यायच्या. पिशवीत वाळक्या केळीच्या पानात बांधलेल्या पुड्या असायच्या. त्या पुड्यांत सुकेळी.

आम्ही देवरुखकडची माणसं. फणस, आमसुलं, कोकम यांत आम्हाला कोणी शिकवायला नको, पण सुकेळी मला वसईत येईपर्यंत माहीत नव्हती. पिकलेलं राजेळी केळं सोलून उन्हात ठेवायचं. बांबूच्या मांडवावर चटई, चटईवर केळी ओळीने. दिवसभर उलटसुलट करायची, कावळे हाकायचे, ऊन उतरलं की गोळा करून टोपलीत पानांखाली झाकून ठेवायची, सकाळी पुन्हा मांडायची. असे सात दिवस. काकू दिवस म्हणत नसत, उन्हं म्हणत. सात उन्हं खाल्ली की केळं खजुराच्या रंगाचं होतं, आपल्याच गोडीने गोड होतं. मग वाळक्या पानात गुंडाळून, केळीच्याच सोपटाने, खोडाच्या वाळक्या सालीने, बांधून ठेवलं की महिनोन्‌महिने टिकतं. सहा उन्हांचं बुरसतं आणि आठ उन्हांचं चामडं होतं, असं त्यांचं म्हणणं. आभाळ आलं तर त्या दिवसाचं ऊन मोजायचं नाही. रोजचं मांडणं-उलटणं वाडीवरचा गडी बघतो, असं त्या सांगत.

त्यांच्या खोलीचं दार कायम उघडं. खुर्चीवर त्या कधी बसल्या नाहीत, फरशीवर मांडी घालूनच. लिफ्टला त्या पेटी म्हणत आणि पेटीत बसायला एकट्याने तयार नसत. मोबाइल तांदळाच्या डब्यात ठेवायच्या. कोणीतरी कधीतरी सांगितलं होतं की पाण्यात पडलेला मोबाइल तांदळात ठेवला की सुधारतो. काकूंनी विचार केला, पडल्यावर ठेवायचा तर आधीच ठेवलेला काय वाईट. त्यामुळे त्यांचा फोन वाजला की सून ओट्याखालचे डबे उघडत सुटायची. आम्ही हसायचो, आणि काकू आमच्यापेक्षा जास्त हसायच्या. कुठलीही गोष्ट हातात आली की आधी तिचा वास घ्यायच्या. भाजी, पुस्तक, नवा टॉवेल, एकदा तर माझं शाळेचं ओळखपत्र. मी एका शाळेत क्लार्क आहे. ओळखपत्र हुंगून म्हणाल्या, खडूचा वास येत नाय, मग शाळा कसली.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती माझ्या फजितीतून. श्रीकांतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, साखर निघाली तेव्हाची गोष्ट. तो वालीवला एका छोट्या कारखान्यात सुपरवायझर. दिवसभर उभं राहायचं आणि चार वेळा चहा, चहाबरोबर गोड बिस्किटं. डॉक्टरांनी बिस्किटं बंद केली तसा तो एवढासा चेहरा करून बसायला लागला. मी मोबाइलवर बघून बिनसाखरेची ओट्सची वडी करायला घेतली. ओट्स, खजूर, सफरचंदाचा कीस, सगळं कालवून ओव्हनमध्ये घातलं. बाहेर आली ती लादी. सुरीने कापेना, तेव्हा श्रीकांतने गंमत म्हणून हातोडी आणली. नेमक्या त्याच वेळी काकू सोसायटीच्या पूजेची पावती घेऊन दारात उभ्या. त्यांनी ती वडी उचलली, हुंगली, ओट्यावर दोनदा टकटक वाजवली आणि मला विचारलं, "बाय, ही खायची, का घराला लावायची?"

दुसऱ्या दिवशी मला त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरात बसवलं. नातसुनेने परदेशातून येताना ओट्सची पाकिटं आणली होती आणि त्यांची वडी करायची पद्धतही तिनेच सांगितली होती. काकूंनी त्या पद्धतीतलं ओट्स तेवढे ठेवले आणि बाकी सगळं बदललं. ओट्स कोरडे, मंद आचेवर भाजायचे, शेंगा भाजल्यासारखा वास येईपर्यंत. सुकेळी बारीक चिरून कोमट पाण्यात तासभर, मग त्याच पाण्यासकट वाटायची. भरडलेले बदाम, थोडं खोबरेल, मिठाची चिमूट. वेलची नाही. वेलची घातली की केळं लाजतं, असं त्या म्हणत. मिश्रण थाळीत वाटीच्या बुडाने दाबायचं, इतकं की वाटी उचलली तर खाली काही चिकटून येता कामा नये. त्यांचा ओव्हन म्हणजे जाड बुडाचा जुना टोप. तळाला वाळू, वर थाळी, झाकणावर तापलेला तवा. शेजारच्या वाडीतली एक ख्रिस्ती मैत्रीण नाताळचा केक असा करायची, तिच्याकडून त्या शिकल्या होत्या. घड्याळ बघायचं नाही. वास आला की झालं. आणि गरम असताना कापायचं नाही, पार निवल्यावरही नाही, तळहात टेकवता आला की लगेच, सुरी पाण्यात बुडवून.

मी वही घेऊन गेले होते. ती त्यांनी बाजूला ठेवायला लावली आणि माझा हात धरून मिश्रणात घातला. एवढं ओलं, बघ, आता बोटांना कळलं ना. मला त्या क्षणी माझी आई आठवली. आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. म्हणून असेल, किंवा त्यांच्या त्या मोठ्या पंजामुळे असेल, मी त्या बाईवर जीव टाकला. हे मी आज दात ओठ खात लिहिते आहे, पण टाकला हे खरं.

श्रीकांतच्या डॉक्टरांना मी सगळं सांगून विचारलं होतं. ते म्हणाले, सुकं केळं म्हणजे गोडच, नैसर्गिक म्हणून साखर संपत नाही. दिवसाला एक लहान वडी, बिस्किटांच्या ऐवजी, तीही जेवणाच्या हिशेबात धरून. पण बाहेरून साखर अजिबात नको. मी ते काकूंना शब्दन्‌शब्द सांगितलं. त्या म्हणाल्या, तुला शाळा आहे, तू कुठं वाटत बसतेस, जावयाची वडी माझ्याकडं. श्रीकांतला त्या जावई म्हणायच्या. तेव्हापासून दर शुक्रवारी तो गुलाबाचा डबा आमच्याकडे यायचा. मी तो कधी रिकामा परत केला नाही.

काकू एरवी मऊ, पण सुकेळ्यांच्या बाबतीत कोणाची भीड ठेवत नसत. एकदा मी त्यांच्याबरोबर बाजारात गेले होते. एका दुकानदाराने सुकेळ्यांचा ढीग लावला होता, चकचकीत, पारदर्शक पिशव्यांत. काकूंनी एक सुकेळं मागून घेतलं, अंगठा आणि दोन बोटं यांच्यात दाबलं आणि हात वर करून बोटं फाकवली. बोटांमध्ये चिकट तार धरली होती. दुकानापुढे पाचसहा बायका होत्या, त्या सगळ्यांना काकूंनी तो हात फिरवून दाखवला. "उन्हाचं सुकेळं दाताला चिकटेल, बोटाला चिकटनार नाय," त्या म्हणाल्या, "ह्ये पाकात बुडवलंय." दोन उन्हं दाखवायची आणि साखरेच्या पाकात टाकायचं, म्हणजे वेळ वाचतो आणि वजन वाढतं, हेही त्यांनी तिथेच उभं राहून समजावलं. दुकानदार हात जोडून म्हणाला, आजी, जा आता. परत येताना मी त्यांच्याकडे मोठ्या अभिमानाने बघत होते.

दुसरी गोष्ट सोसायटीच्या हळदीकुंकवाची. बायकांच्या आग्रहावरून काकू वडी शिकवायला बसल्या. सगळ्या भोवती गोळा झालेल्या. एकीने मध्येच विचारलं की सुकेळ्यांऐवजी गूळ घातला तर चालेल का, नाहीतर थोडी साखरच. काकूंनी पळी खाली ठेवली. तिच्याकडे बघत शांतपणे म्हणाल्या, मग माझ्याकडं कशाला आलीस, वाण्याकडं जा. आणि उठूनच गेल्या. त्या बाईला वाईट वाटलं, मी मात्र घरी येऊन श्रीकांतला ते तीन वेळा करून दाखवलं.

मग श्रीकांतच्या पायाला जखम झाली. कारखान्यात घालायचे जाड, पुढे आतून पत्रा बसवलेले बूट, त्यांतला एक आतून फाटला होता आणि त्याचा पत्रा उजव्या पायाच्या करंगळीशेजारच्या बोटाला घासत होता. त्याला कळलंच नाही, साखरेमुळे पायाची जाणीव कमी झालेली. मोज्यावर डाग दिसला तेव्हा आम्ही धावलो. डॉक्टर म्हणाले, साखर ताब्यात राहिली तर भरेल, नाही राहिली तर बोट वाचवणं कठीण. एवढं सरळ सांगितलं त्यांनी. त्या दिवसापासून मी घरात पोलीस झाले. भात बंद, बटाटा बंद, आंबा आणायचाच नाही. रोज सकाळी बोटाला सुई टोचून आकडा बघायचा. आणि आकडा काही केल्या उतरेना.

काकू सकाळी खाली बाकड्यावर ऊन खात बसायच्या. मी शाळेला निघताना त्यांच्यापाशी थांबून आकडा सांगायचे. रोज. आईला सांगावा तसा. त्या ऐकून घ्यायच्या, मान हलवायच्या, कधी म्हणायच्या, कारल्याचं पानी दे, कधी म्हणायच्या, चालायला लाव. एक दिवस मी रडकुंडीला आले होते. म्हटलं, काकू, सगळं तोलूनमापून देते हो, गोड म्हणाल तर तुमची ती एक वडी, मग चढते कुठून? काकू पायातल्या चपलेने मातीवर रेघ ओढत राहिल्या. आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पुरुषाची जात, बाय. बाहेर काय खातो, कोन बघतं?"

ते वाक्य माझ्या डोक्यात शिरलं ते शिरलंच. त्या संध्याकाळी मी श्रीकांतची बॅग पालथी केली. खिसे उलटे केले. नाक्यावरच्या मिठाईवाल्याला जाऊन विचारलं, आमचे हे येतात का तुमच्याकडे. त्याच्या कारखान्यातल्या सहकाऱ्याला फोन करून विचारलं. हे श्रीकांतला कळलं तेव्हा तो पलंगावर पाय वर ठेवून बसला होता. तो मुळात बोलका माणूस नाही. म्हणाला, मी नाही गं खात. मी म्हटलं, खोटं बोलू नकोस, आकडा खोटं बोलत नाही. सव्वीस वर्षांच्या संसारात मी त्याला कधी खोटारडा म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं, आणि नंतरही दोनचारदा म्हटलं. एकदा तर काकूंच्या देखत. त्या डबा द्यायला आल्या होत्या. मी ताडताड बोलत होते, श्रीकांत खाली मान घालून ऐकत होता. काकूंनी डबा टेबलावर ठेवला, झाकण उघडलं, एक वडी काढून त्याच्या हातात दिली आणि गेल्या. त्याने ती खाल्ली. नंतर बोटं चाटली. मी ते बघितलं आणि माझ्या काहीही लक्षात आलं नाही.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी शाळेला अचानक सुट्टी मिळाली. मनात आलं, काकू एवढ्या उन्हाच्या बसने वाडीवर जातात, ते कोणासाठी, तर आमच्यासाठी. आज आपण रिक्षा घेऊन जावं, त्यांना घेऊन यावं, वाडीही बघून होईल. इतक्या वर्षांत वाडी बघायची राहूनच गेली होती. काकू आज नको, चिखल आहे, आज नको, कुत्रं आहे, असं म्हणत राहायच्या. रिक्षावाल्याला कळंबच्या रस्त्याला घ्यायला सांगितलं. बावखलाची राजेळीची वाडी विचारत विचारत गेले. शेवटी मासे घेऊन चाललेल्या एका बाईने हात दाखवला, ती बघा, तीच.

तिथे उंच भिंत होती आणि निळं गेट. आत सुट्टीला येणाऱ्या लोकांसाठी बांधलेली लाल कौलांची घरं. बावखलाला चारी बाजूंनी लादी बसवली होती, पाणी निळं केलं होतं आणि त्यात रबराची बदकं तरंगत होती. केळीचं एकच बेट उरलं होतं, गेटावरच्या नावाच्या पाटीशेजारी, शोभेला. मी राखणदाराला विचारलं, इथली म्हातारी काकू दर गुरुवारी येते ना? त्याने सांगितलं, दोन वर्षांपूर्वी मुलांनी जागा विकली, तेव्हापासून इथे कोणी म्हातारी आलेली नाही.

दोन वर्षं. परतीच्या रिक्षात मी तेवढंच मोजत बसले. दोन वर्षांतले गुरुवार, दोन वर्षांतले शुक्रवार. गेल्या पावसाळ्यात सलग आठ दिवस ऊन नव्हतं आणि तरी सुकेळी आली होती, तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, जुनी ठेवलेली आहेत. हल्ली वडी आधीपेक्षा गोड लागते, असं मीच कौतुकाने म्हटलं होतं. सगळं डोळ्यांसमोर होतं. मला कोणी मूर्ख म्हणालं असतं तर मी मान डोलावली असती.

घरी आले, पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. आमची ए विंग सात मजल्यांची, आम्ही पाचव्यावर. काकूंची बी विंग जुनी, चार मजल्यांची, तिची गच्ची माझ्या खिडकीतून सरळ दिसते. एरवी गुरुवारी या वेळेला मी शाळेत असते. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत काकू मांडी घालून बसल्या होत्या.

मी पळत गेले. पेटीत जायचाही धीर नव्हता, चार मजले चढले. काकूंच्या एका बाजूला वाळक्या पानांचा गठ्ठा, दुसऱ्या बाजूला घमेलं, घमेल्यात दुकानातल्या त्या पारदर्शक पिशव्या फोडून ओतलेली सुकेळी, चकचकीत. शेजारी एका पातेल्यात पिशव्यांच्या तळाला उरलेला पाक ओतून ठेवलेला. एकेक सुकेळं पानात गुंडाळून त्या सोपटाने बांधत होत्या, तशीच गाठ, तशीच पुडी. मला बघून उठायला गेल्या. हात पदराला पुसायला गेल्या तर पदरच बोटांना चिकटून आला.

मी विचारलं, तो पाकही वडीत जातो का? त्यांनी मान हलवली. पाकाच्या सुकेळ्याला वास नसतो ना, म्हणाल्या, चव उतरली असती, तुम्ही लोकांनी विचारलं असतं. म्हणून दोन पळ्या वरून. मला वाटलं माझ्या कानशिलांतून वाफ निघते आहे. म्हटलं, रोज सकाळी मी तुम्हाला आकडा सांगत होते. रोज. त्याच्या बोटाचं काय चाललंय ते माहीत होतं तुम्हाला. त्या खाली बघत म्हणाल्या की एका वडीनं एवढं काय होईल असं वाटलं, सांगेन सांगेन म्हणत राहिलं. मग वर बघितलं. डोळे कोरडे होते.

"वाडी गेली असं सांगितलं असतं, तर मग मी कोन उरले असते, बाय?"

"आणि श्रीकांत कोण होता?" मी म्हटलं.

मला आजही त्यांच्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. त्या हिराकाकूच उरल्या असत्या. वाडी नसलेली हिराकाकू मला चालली असती, मी खजुराची वडी खाल्ली असती, सफरचंदाची लादी खाल्ली असती. पण पुरुषाची जात म्हणून त्यांनी माझा संशय माझ्याच माणसाकडे वळवला, स्वतःची वाडी झाकायला माझं घर पुढे केलं, ते मला गिळता येत नाही. पाक मी एक वेळ विसरले असते. ते वाक्य नाही विसरत.

श्रीकांतचं बोट गेलं. डॉक्टर समजूतदार, ते म्हणाले, एका वडीने बोट जात नाही, जखम खोल होती, आजार जुना आहे, बूट वाईट होते. असेल तसं. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. दवाखान्यात श्रीकांतची मी माफी मागितली, खोटारडा म्हटल्याबद्दल. तो म्हणाला, जाऊ दे गं. जाऊ दे म्हणाला तो, पण त्यानंतर मी त्याची बॅग जागेवरून उचलली तरी तो वाचता वाचता थांबतो आणि बघतो. मला ते दिसतं. आमच्या घरात असं बघणं आधी नव्हतं.

आम्ही दवाखान्यातून परत आलो ते माघातले दिवस. चांगलं कडक ऊन पडत होतं. भांडी घासताना माझं लक्ष खिडकीबाहेर गेलं. बी विंगच्या गच्चीवर मधोमध, भर उन्हात, एक खाट उलटी करून तिच्या पायांवर बांबू बांधून मांडव केला होता. मांडवावर चटई आणि चटईवर सोललेली राजेळी केळी, ओळीने. कुठून मिळवली देव जाणे. काकू डोक्यावर ओला टॉवेल टाकून, हातात काठी घेऊन शेजारी बसल्या होत्या. दिवसभर बसल्या. दर थोड्या वेळाने उठून एकेक केळं उलटवत होत्या. ऊन उतरलं तशी टोपलीत गोळा केली, पानांनी झाकली आणि जिन्याने खाली गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी ढग आले, तो त्यांनी धरला नसणार, कारण त्या आठ दिवस बसल्या. मी मोजत होते. मोजायचं नाही असं रोज ठरवत होते आणि मोजत होते. सून दोनदा हाताला धरून खाली न्यायला आली, काकू गेल्या नाहीत.

नवव्या दिवशी सकाळी दार उघडलं तर कडीला पुडी टांगलेली. वाळकं पान, सोपटाची गाठ. श्रीकांत आतून म्हणाला, काकूंची असेल, आत घे, त्यांना चहाला तरी बोलाव. मी पुडी ओट्यावर आणून सोडली. आत सहा सुकेळी होती, काळपट, सुरकुतलेली, अजिबात चमक नसलेली. वास घेतला. मग एक उचललं आणि अंगठा आणि दोन बोटं यांच्यात दाबलं, त्यांनी शिकवलं होतं तसं. बोटं फाकवून बघितली. काही चिकटलं नव्हतं.

संध्याकाळी भांड्यांपाशी उभी होते. समोर काकू मांडव सोडत होत्या. बांबू सोडून झाले, चटई गुंडाळली, ती काखेत धरून जिन्याकडे निघाल्या आणि थांबल्या. माझ्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. चटई खाली ठेवली. मग त्यांनी दोन्ही हात वर केले आणि बोटं फाकवली, बाजारात त्या बायकांना दाखवली होती तशी. दाखवत नव्हत्या, विचारत होत्या. दाबून बघितलंस का, एवढंच विचारत होत्या. दोन्ही हात तसेच वर धरून त्या बराच वेळ उभ्या होत्या. उन्हाने हात आणखी काळे झाले होते. त्यानंतर पंधरा दिवसांनी धाकटा मुलगा त्यांना विरारला घेऊन गेला आणि त्या मला पुन्हा दिसल्या नाहीत.

मला फक्त माझा हात खिडकीत वर करायचा होता. बोटं कोरडी होती, मी सकाळीच बघितलं होतं. मी नळ सोडला आणि हात पाण्याखाली धरले.